सोसायटीच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर आणि आठ जीबीचा पेन ड्राइव्ह

ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची दहा बाय आठची खोली. एक टेबल, एक लोखंडी कपाट, नोटिसांच्या फायली आणि २०१४ साली घेतलेला डेल ऑप्टिप्लेक्स ३०२० कॉम्प्युटर. मी सोसायटीची खजिनदार. त्याआधी सत्तावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण काही झालेलं नाही, पण मेंटेनन्सची बिलं, पावत्या आणि सभेच्या नोटिसा मीच काढते, त्यामुळे हे मशीन माझ्या रोजच्या हाताखालचं आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. विंडोज ११ आमच्या मशीनवर चढत नाही. त्याला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि आमचा आय थ्री प्रोसेसर चौथ्या पिढीतला. दुकानदाराने नव्या कॉम्प्युटरचं अडतीस हजारांचं कोटेशन दिलं. कमिटीच्या मीटिंगमध्ये ते वाचून दाखवताना माझ्या मनाला पटेना. मशीन बिघडलेलं नव्हतं. पंखा फिरत होता, स्क्रीन स्वच्छ होता, कीबोर्डचं एकही बटण निघालेलं नव्हतं. मी एक महिना मागून घेतला आणि विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम वापरून पाहिली. तुमच्याकडेही असं एखादं मशीन कापडाखाली झाकून ठेवलेलं असेल, तर मी काय केलं ते सविस्तर सांगते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण घाई तिथेच होते. लिनक्स बघायला कॉम्प्युटरमधलं काहीही पुसावं लागत नाही. पेन ड्राइव्हवरून ते चालतं, आणि पेन ड्राइव्ह काढला की तुमचं विंडोज जसंच्या तसं. हा टप्पा पाच मिनिटांत उरकू नका. मी त्याला आठ दिवस दिले, आणि आमचं जे काही निभावलं ते त्या आठ दिवसांमुळे.

आधी मशीन ओळखा

विंडोजमध्ये "धिस पीसी"वर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. दोन ओळी कागदावर लिहून घ्या: रॅम किती, आणि प्रोसेसर ६४ बिट आहे का. लिनक्स मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, पण सुखाने काम करायचं तर ४ जीबी हवी. मिंटच्या तीन आवृत्त्या मिळतात: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. जुन्या मशीनवर डोळे मिटून एक्सएफसीई घ्या. ती सगळ्यात हलकी. हल्लीच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे निदान तोवर तरी काळजी नाही.

प्रोसेसरच ३२ बिटचा असेल, म्हणजे पेंटियम फोरच्या काळातलं मशीन असेल, तर आताचं मिंट त्यावर चालणार नाही. त्यासाठी अँटीएक्स ही लिनक्सचीच आणखी हलकी सिस्टिम बघा. पण एवढ्या जुन्या मशीनवर आजच्या वेबसाइट उघडायला जीव जातो. नुसतं टायपिंग करायचं असेल तरच त्या वाटेला जा.

पेन ड्राइव्ह

आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. तो पूर्ण पुसला जाणार आहे, तेव्हा त्यातले लग्नाचे फोटो आधी दुसरीकडे हलवा. मिंटच्या अधिकृत साइटवरून एक्सएफसीईची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टिम बांधलेली एकच फाइल, उतरवा. ती तीन जीबीच्या आसपास असते. आमच्या ऑफिसात इंटरनेट नाही, म्हणून मी ती घरी उतरवली.

ही फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. मी पहिल्यांदा तेच केलं, आणि कॉम्प्युटरने पेन ड्राइव्हची दखलच घेतली नाही. फाइल विशिष्ट पद्धतीने लिहावी लागते, आणि त्यासाठी विंडोजवर रुफस नावाचं छोटं, मोफत सॉफ्टवेअर मिळतं. ते उघडा, वर पेन ड्राइव्ह निवडा, खाली आयएसओ निवडा. तिथेच बरोबरच्या खुणेचं एक लहान बटण आहे. ते दाबलं की फाइलची लांबलचक सांकेतिक संख्या दिसते. मिंटच्या साइटवर एसएचए २५६ या नावाखाली तीच संख्या दिलेली असते. दोन्ही जुळल्या म्हणजे फाइल अर्धवट उतरलेली नाही आणि मध्ये कुणी बदललेलीही नाही. बँकेचं स्टेटमेंट आणि कॅशबुक जुळवायची सवय असल्यामुळे मला हे काम आवडलं. तुम्ही कंटाळा करू नका, दोन मिनिटं लागतात. बाकी सगळं आहे तसं ठेवून स्टार्ट दाबा. मध्ये ते आयएसओ पद्धत की डीडी पद्धत असं विचारतं. आयएसओ ठेवा. मशीन सुरूच झालं नाही तर पेन ड्राइव्ह पुन्हा बनवताना डीडी घेऊन पाहा.

मशीन पेन ड्राइव्हवरून सुरू करणं

कॉम्प्युटर नीट बंद करा. नीट म्हणजे शिफ्ट दाबून धरून शट डाऊनवर क्लिक करा. विंडोज एरवी पूर्ण बंद होत नाही, लवकर उठता यावं म्हणून अर्धवट झोपतं. मग लिनक्समधून त्याची डिस्क उघडायला गेलं की ती लिहू देत नाही, किंवा उघडतच नाही.

आता पेन ड्राइव्ह लावा, शक्यतो मागच्या बाजूच्या खाचेत. पुढच्या खाचा सैल झालेल्या असतात. पॉवरचं बटण दाबल्याबरोबर डेलवर एफ १२ टकटक दाबत राहा. लेनोव्होलाही बहुधा एफ १२, एचपीला एफ ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरला एफ १२च, पण तिथे ते आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, चालू करावं लागतं. एक यादी दिसेल, तीत पेन ड्राइव्हचं नाव निवडा. यूईएफआय या शीर्षकाखाली दिसलं तर तिथलंच घ्या. मग मिंटची यादी येते. पहिलीच ओळ निवडून एंटर. स्क्रीन काळाच राहिला तर पुन्हा सुरू करून कॉम्पॅटिबिलिटी मोडची ओळ निवडा.

आमच्याकडे पहिल्यांदा सुरू व्हायला साडेतीन मिनिटं लागली. पेन ड्राइव्हचा दिवा भराभर लुकलुकत होता, स्क्रीनवर मिंटचं गोल चिन्ह, आणि मशीनमधून हार्ड डिस्कची नेहमीची करकर अजिबात येत नव्हती. ती शांतता मला अजून आठवते. वॉचमनकाकांची मुलगी अकरावीत आहे, ती शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "मॅडम, हे आपलंच मशीन आहे ना?"

आठ दिवसांची तपासणी

डेस्कटॉप आला की रंग बदलण्यात वेळ घालवू नका. तुमच्या घरात किंवा ऑफिसात हे मशीन महिनाभरात कुठली कुठली कामं करतं, ती कागदावर लिहा आणि एकेक करून बघा. माझ्या वहीत नऊ कामं होती. लक्षात ठेवा, पेन ड्राइव्हवरून चालताना तुम्ही बदललेल्या सेटिंग मशीन बंद केल्यावर जातात, कारण सगळं रॅममध्ये चाललेलं असतं. ठेवण्यासारखी फाइल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवा.

इंटरनेट आधी. मोबाइल यूएसबीच्या वायरने जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. मिंट त्याला वायरचं नेटवर्क समजतं आणि काही न विचारता जोडून घेतं. लॅपटॉपचं वाय-फाय दिसत नसेल तेव्हाही हीच युक्ती कामी येते: मोबाइलवरून नेट घ्यायचं आणि ड्रायव्हर मॅनेजरमध्ये वाय-फायचा ड्रायव्हर सापडतो का ते बघायचं.

माझं इंटरनेट जोडलं गेलं, पण एकही साइट उघडेना. प्रत्येक ठिकाणी जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा. अर्धा तास मी मोबाइल, वायर, सेटिंग सगळं तपासलं, आणि मग कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं. तारीख कित्येक वर्षं मागची. आमच्याकडे रात्री ऑफिस बंद करताना मेन स्विच पाडतात. मशीनला वीज नसताना त्याचं घड्याळ आतल्या रुपयाएवढ्या सेलवर चालतं, आणि अकरा वर्षांत तो सेल संपला होता. वेबसाइटची सुरक्षा-प्रमाणपत्रं ठरावीक मुदतीची असतात, तारीख चुकली की ब्राउझरला ती सगळी खोटी वाटतात. तो सेल सीआर २०३२ या नंबरचा. गोखले रोडवरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला. मशीनची वायर काढून, झाकण उघडून, बाजूची खिट्टी नखाने ढकलली की जुना सेल आपोआप वर येतो. लिहिलेली बाजू वर ठेवून नवा बसवा, मग बायोसमध्ये जाऊन तारीख घाला. जुनं मशीन हातात घेतलंत तर हा सेल सगळ्यात आधी बदला, असं मी आता सगळ्यांना सांगते.

मग हिशोब. मिंटमध्ये लिबरऑफिस आधीच असतं. मेंटेनन्सच्या एक्सेल फायली त्यात उघडल्या, बेरजा बरोबर आल्या, थकबाकीवरच्या व्याजाचं सूत्रही चाललं. एका जुन्या फाइलमध्ये पूर्वीच्या खजिनदारांनी बटण दाबलं की पावती तयार होईल असा मॅक्रो लिहिला होता, तो चालला नाही. त्याजागी मी साधी पावतीची शीट बनवली. तुमचा सगळा धंदा अशा मॅक्रोंवर उभा असेल तर इथेच थांबून विचार करा. टॅली रोज लागत असेल तर तेच. ते विंडोजसाठी बनलेलं आहे. आमचे ऑडिटर टॅली वापरतात, पण त्यांच्या मशीनवर, त्यांना आम्ही एक्सेलच देतो. डिजिटल सिग्नेचरचा टोकन वापरत असाल तर त्याच्या ड्रायव्हरची लिनक्स आवृत्ती मिळते का, हे टोकन देणाऱ्याला आधी विचारा.

प्रिंटरने माझा एक दिवस घेतला. आमचा एचपी लेझरजेट १०२०. मिंटने तो लगेच ओळखला, पण कागद काही बाहेर येईना. या प्रिंटरच्या पोटात स्वतःचं सॉफ्टवेअर साठवलेलं नसतं, दर वेळी चालू केला की कॉम्प्युटर ते त्यात भरतो. लिनक्ससाठी एचपीनेच एचपीलिप नावाची व्यवस्था केलेली आहे, मात्र या मॉडेलला तिचा एक प्लगइन वेगळा उतरवून घ्यावा लागतो. नेट चालू ठेवून एचपीलिपच्या सेटअपमधून तो घेतला, आणि पुढच्या मिनिटाला पाण्याच्या टाकीच्या सफाईची नोटीस हातात आली.

मराठी

हा भाग मराठी माणसाने अजिबात टाळू नये. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या यादीत भारताखाली मराठी आहे: एक इन्स्क्रिप्ट, म्हणजे ठरलेल्या बटणांवर मराठी अक्षरं, आणि एक कागप फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून. इन्स्क्रिप्ट शिकलेल्यांचं काम तिथेच झालं. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असलेल्यांनी इनपुट मेथडच्या सेटिंगमधून आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्यासोबतचा एम१७एन हा भाषांचा संच घ्यावा. त्यात फोनेटिकबरोबर गमभनची पद्धतही मिळते. वॉचमनकाकांच्या मुलीने दहा मिनिटांत "सर्व सभासदांना कळविण्यात येते की" एकही चूक न करता टाइप केलं. मी स्वतः इन्स्क्रिप्टवाली. दोन पद्धती एकाच मशीनवर ठेवता येतात.

खरी अडचण जुन्या नोटिसांची. पंधरा वर्षांच्या नोटिसा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नाहीत. लिनक्समध्ये उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला. हा दोष लिनक्सचा नाही. तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही मशीनवर हेच होतं. त्या फायलींत मुळात मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांना मराठी चेहरा चढवलेला असतो. फॉन्टची फाइल तुमच्याकडे असेल तर ती फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकली की मजकूर वाचता येतो. पण मी सांगेन, ज्या नोटिसा पुन्हा लागतात तेवढ्या युनिकोडमध्ये करून घ्या. मी अकरा केल्या. त्या आता व्हॉट्सॲपवर पाठवल्या तरी वाचता येतात आणि शोधल्या तरी सापडतात. पंधरा वर्षांत हे पहिल्यांदा झालं, आणि त्याचं मला खरंच समाधान आहे.

"फुकट कसं?"

कमिटीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हा प्रश्न विचारला, आणि तो रास्त होता. फुकट म्हटलं की गोम कुठे आहे हे शोधायलाच हवं. मी त्यांना सोसायटीचंच उदाहरण दिलं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०प्रमाणे सभासदाला संस्थेची ठरावीक कागदपत्रं बघता येतात. मी खजिनदार असले तरी वही माझ्या एकटीची नाही. लिनक्सचंही तसंच. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याची सुरुवात केली, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधनं त्याला येऊन मिळाली, आणि ज्या परवान्याखाली ते दिलं जातं त्यात लिहिलंय की कुणीही मूळ कोड वाचावा, बदलावा, वाटावा, आणि बदलून वाटला तर पुढच्यालाही तेच हक्क द्यावेत. काम करणाऱ्यांत पगारी माणसं असतात, कंपन्या असतात, हौशीही असतात. मिंटचा खर्च देणग्यांवर आणि प्रायोजकांवर चालतो. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे वही उघडी आहे." एवढंच त्यांना हवं होतं.

मशीनमध्ये बसवणं

माझ्या वहीतल्या नऊपैकी आठ कामांवर बरोबरची खूण झाली, तेव्हा मी बसवायचं ठरवलं. विंडोज आणि लिनक्स एकाच डिस्कवर शेजारी बसवता येतात, पण पहिल्यांदा करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. डिस्कचे भाग पाडताना एक चुकीची क्लिक पुरते. मी वेगळं केलं. २५६ जीबीची नवी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीशिवायची वेगवान डिस्क, सोळाशे रुपयांना घेतली, जुनी हार्ड डिस्क मशीनमधून काढली आणि तिच्याच वायरी एसएसडीला लावल्या. आता मशीनमध्ये पुसलं जाण्यासारखं काही उरलंच नाही. जुन्या मशीनला खरा वेग एसएसडीनेच येतो, सिस्टिम कुठलीही घाला. त्याबरोबर वापरलेली ४ जीबीची डीडीआर ३ रॅम पाचशेला मिळाली. डेस्कटॉपची मागा, लॅपटॉपची आखूड असते, ती बसत नाही.

पावसाळ्यात करत असाल तर यूपीएस चालतो का ते आधी बघा, बसवताना मध्येच वीज गेली तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. पुन्हा पेन ड्राइव्हवरून सुरू करा आणि डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या चित्रावर दोनदा क्लिक करा. भाषेच्या यादीत मराठी आहे. मी ती निवडली, काही मेनू इंग्रजीत राहतात, कामाला अडत नाही. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत खूण करा, नाहीतर काही व्हिडिओ चालत नाहीत. पूर्ण डिस्क वापरण्याचा पर्याय, वेळेसाठी कोलकाता, मग नाव आणि पासवर्ड. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालून कपाटात ठेवा, उद्या खजिनदार बदलेल. आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. आता बटण दाबल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आत डेस्कटॉप येतो.

पहिल्या दिवशी दोनच कामं करा. अपडेट मॅनेजर उघडून सगळे अपडेट घ्या, आणि टाइमशिफ्ट चालू करा. एखाद्या अपडेटने काही बिघडलं तर टाइमशिफ्टने सिस्टिम आदल्या स्थितीला नेता येते. तुमच्या फायलींची प्रत मात्र त्यात धरू नका, ती वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवायचीच. पुढे शिकायचं असेल तर पवईच्या आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे आणि लिबरऑफिसचे धडे मराठीतून, मोफत आहेत. लिबरऑफिसमध्ये पावतीची शीट मी तेच ऐकून बनवली.

जुन्या हार्ड डिस्कवर तारीख लिहून चिकटपट्टी लावली आहे आणि ती कपाटाच्या वरच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे. सहा महिने ती पुसायची नाही, असं कमिटीत ठरलंय. मध्ये एकदा पाच वर्षांपूर्वीची डिपॉझिटची नोंद बघायला ती जोडून विंडोज चालू केलं, तर घड्याळ साडेपाच तास मागे दाखवत होतं. लिनक्स मशीनच्या आतलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज ते स्थानिक वेळ समजून वाचतं, आणि आपला फरक नेमका साडेपाच तासांचा. तुम्हालाही तसं दिसलं तर घाबरू नका, विंडोजमध्ये वेळ पुन्हा घाला आणि आपली नोंद शोधा.